आधी हंगाम, मग कॅमेरा

'सफारी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. उघड्या जीपमध्ये बसून जंगल पाहायला जाणे म्हणजे सफारी, असे आपण समजतो. हा शब्द इंग्रजी आहे असेही पुष्कळांना वाटते. पण तो तुमच्या ओळखीचाच आहे. अरबी भाषेतला 'सफर' हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत गेला आणि तिथे त्याचा 'सफारी' झाला. मग इंग्रजीतून तो आपल्याकडे आला. 'मौसम' या शब्दानेही असाच लांबचा प्रवास केला. अरबीतल्या या शब्दावरून पोर्तुगीज आणि इंग्रज लोकांनी 'मान्सून' हा शब्द घडवला. मराठीत आपण 'मोसमी वारे' म्हणतो. आणि फारसीतला 'हंगाम' तर मराठीत घरचाच झाला. आंब्याचा हंगाम, पेरणीचा हंगाम असे आपण म्हणतो. उर्दूत 'हंगामा' म्हटले की गोंगाट आठवतो. मराठीतला हंगाम मात्र शांत आहे. एखाद्या गोष्टीची योग्य वेळ म्हणजे हंगाम.

तुम्हांला कधी जंगलात जाऊन प्राण्यांची छायाचित्रे काढायची असतील, तर हा शब्द आधी लक्षात ठेवा. कॅमेरा कोणता घ्यावा, हे नंतर पाहू. मी तो प्रश्न आधी विचारला आणि फसलो. ती गोष्ट आधी सांगतो.

1999 सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चार मित्र ताडोबाला गेलो. ताडोबाचे जंगल विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. 1955 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. ते महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. 1995 पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. मी एका नातेवाइकाचा चांगला कॅमेरा मागून आणला होता. त्या वेळी कॅमेऱ्यात रीळ घालावे लागे. एका रिळात 36 छायाचित्रे निघत. रीळ महाग, ते धुऊन छायाचित्रे छापून घेणे त्याहून महाग. म्हणून मी एकच रीळ घेतले होते. आता 36 वाघ काढायचे, एवढेच बाकी होते!

दोन दिवस आम्ही फिरलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे गवत होते. पावसाळा नुकताच संपला होता. बांबू हिरवागार होता, सागाची पाने सुपाएवढी. ओढे वाहत होते, जागोजागी डबकी भरलेली होती. एकदा गवत हलले. गाईड हळूच म्हणाला, "वाघ आहे." आम्ही श्वास रोखला. गवत आणखी थोडे हलले, मग थांबले. वाघ आमच्यापासून वीस पावलांवर असेल, पण त्याचा एक पट्टाही आम्हांला दिसला नाही. मी त्या गवताची सहा छायाचित्रे काढली. घरी रीळ धुऊन आले तेव्हा आईने विचारले, "हे कोणाचे शेत आहे?"

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. आम्ही आमची सुटी पाहिली होती, जंगलाचा हंगाम पाहिला नव्हता.

आता जंगलाचे गणित समजून घ्या. प्रत्येक प्राण्याला पाणी लागते. पावसाळ्यानंतर पाणी सगळीकडे असते. वाघाला दहा ठिकाणी पाणी मिळते, म्हणून तो कुठे असेल हे सांगता येत नाही. नोव्हेंबर गेला की ओढे आटू लागतात. फेब्रुवारीत पाने गळू लागतात. पळस लाल फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले जमिनीवर पडतात आणि ती खायला अस्वले येतात. एप्रिल संपता संपता जंगल उघडेबोडके होते. गवत वाळून बसते. जिथे पूर्वी दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते, तिथे शंभर पावलांवरचे चितळ दिसते. पाणी आता थोड्याच ठिकाणी उरते: तलाव, एखादा डोह, वन विभागाने बांधलेले पाणवठे. वाघ, गवे, रानकुत्री, सांबर, मोर, सगळ्यांना तिथेच यावे लागते. चंद्रपूरचे ऊन प्रसिद्ध आहे. मे महिन्यात तिथला पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात वाघ पाण्यात जाऊन बसतो. तोही उलटा, आधी शेपटीकडचा भाग पाण्यात, तोंड बाहेर! ते पाहायला मोठी मजा वाटते.

म्हणून छायाचित्रकार म्हणतात, "वाघ पाहायचा तर एप्रिल-मे." हे खरे आहे. पण या वाक्याची दुसरी बाजूही आहे. ती मला दुसऱ्या सफरीत कळली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे 2000 सालच्या मे महिन्यात, आम्ही पुन्हा ताडोबाला गेलो. तेच मित्र, तोच मागून आणलेला कॅमेरा, पुन्हा एकच रीळ. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही एका पाणवठ्याजवळ पोहोचलो. पाणी थोडेच होते. पलीकडे बांबूचे बेट होते. पाण्यावर ऊन चांगले पडले होते. आम्ही जीप अशी उभी केली, की समोरून छायाचित्र मिळावे. वीस मिनिटे झाली. मग बांबूच्या सावलीत काहीतरी हलले. वाघीण होती! ती तोंड उघडे ठेवून धापा टाकत होती. दोन पावले पुढे आली आणि थांबली. आमच्याकडे पाहिले. मागे फिरून सावलीत गेली. पुन्हा आली, पुन्हा थांबली.

मी मनात म्हणत होतो, आणखी थोडी पुढे ये, आणखी थोडी. माझे बोट बटणावर होते. तेवढ्यात आमचा गाईड म्हणाला, "साहेब, गाडी मागं घ्या. तिच्या वाटेत उभे आहोत आपण."

आम्हांला समजेना. तो म्हणाला, "तिला पाणी प्यायचं आहे. सकाळपासून दुसरीकडे गाड्या होत्या. इथंही आपण."

खरे सांगतो, मला त्याचा राग आला. एवढे पैसे खर्च केले, वर्षभर वाट पाहिली, आणि आता वाघीण समोर असताना मागे जायचे? पण जीपवाल्याने गाडी मागे घेतली. पन्नास-साठ पावले मागे जाऊन आम्ही इंजिन बंद केले. थोड्या वेळाने वाघीण बाहेर आली. तिने या वेळी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ पाण्याकडे गेली, वळली आणि उलटी पाण्यात बसली. कितीतरी वेळ ती पाणी पीत होती. मी छायाचित्र काढले. त्यात वाघीण अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. ते छायाचित्र अजून माझ्या टेबलावर आहे.

आता विचार करा. मे महिना आपल्यासाठी चांगला का? कारण जंगलात पाणी नाही, सावली नाही, लपायला गवत नाही. म्हणजे जो हंगाम छायाचित्रकाराला सोपा, तोच प्राण्याला सर्वांत अवघड. गवतात लपलेल्या नोव्हेंबरच्या वाघाला आपली गरज नव्हती आणि भीतीही नव्हती. मेमधल्या वाघिणीला मात्र एक जीप तहानलेली ठेवू शकते. म्हणून सफारीचा बेत आखताना दोन प्रश्न विचारायचे: या दिवसांत मला काय दिसेल? आणि या दिवसांत त्या प्राण्याला कशाची अडचण असेल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात.

इथे थोडी कामाची माहिती सांगून टाकतो. ताडोबाच्या मुख्य भागात आता स्वतःची गाडी नेता येत नाही. वन विभागाकडे आधी नाव नोंदवावे लागते. सकाळी आणि दुपारी अशा दोन फेऱ्या असतात. एका जिप्सी गाडीत सहा प्रवासी बसतात आणि बरोबर स्थानिक गाईड असतोच. मंगळवारी उद्यान बंद असते. मे महिन्यातल्या फेऱ्या लवकर भरतात, म्हणून नोंदणी काही महिने आधी करावी. कपडे मातकट रंगाचे घाला. धूळ फार उडते. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मऊ कापड ठेवा. सकाळी नऊनंतर ऊन इतके कडक होते की छायाचित्रात पांढरे आणि काळे एवढेच उरते. सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा उजेड सर्वांत चांगला. फ्लॅश मारायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

आणि हो, ईदची सुटी पाहून जंगलाचा बेत आखू नका! चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी थोडी आधी येते. कधी हिवाळ्यात, कधी भर पावसात. मोहाचे झाड मात्र सूर्याचे कॅलेंडर पाळते. ते दरवर्षी त्याच सुमाराला फुलते. मोराचेही तसेच. उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या सुरुवातीला मोर पिसारा फुलवून नाचतो. पावसाळा संपेपर्यंत त्याची ती लांब पिसे गळून गेलेली असतात. डिसेंबरात नाचणाऱ्या मोराचे छायाचित्र काढायला निघालात, तर बिचारा लांडा मोर भेटेल. सांबराची मोठी शिंगे पाहायची असतील तर हिवाळ्यात जावे. उन्हाळ्यात ती गळून पडतात आणि मग नवी फुटतात.

पण चंद्राला जंगलात काहीच काम नाही, असेही नाही. महाराष्ट्रातल्या अनेक अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसतात. चांदण्यात पाण्यावर कोण कोण आले, ते मोजतात. रात्रभर बोलायचे नाही, खोकला आला तरी दाबायचा.

चंद्राचे खरे काम पाहायचे असेल तर जंगल सोडून मुंबईजवळच्या खाडीवर चला. तुमच्यापैकी कितीतरी जण मुंबई, मुंब्रा, भिवंडी, पनवेल या भागांत राहत असतील. ताडोबा तुम्हांला दूर आहे. पण ठाण्याची खाडी जवळ आहे. तिथे साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत हजारो फ्लेमिंगो येतात. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. लांब पाय, लांब मान, वाकडी चोच आणि गुलाबी रंग. हा रंग त्यांच्या खाण्यातून येतो. खाडीच्या चिखलातले सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव ते खातात; त्यातले रंगद्रव्य पिसांत उतरते. लहान पिल्ले करडी असतात, खाऊन खाऊन गुलाबी होतात. 2015 साली या खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

इथे महिना कळला म्हणजे काम झाले, असे नाही. तास कळला पाहिजे. ओहोटीच्या वेळी पाणी दूर जाते, चिखल उघडा पडतो आणि पक्षी खात खात लांब निघून जातात. काठावरून ते गुलाबी ठिपक्यांसारखे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलते. तेव्हा ते जवळ येतात. भरतीची वेळ चंद्रावर अवलंबून असते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आपले कोळी बांधव घड्याळाशिवाय हे गणित करतात. तिथीच्या आकड्याचे चार भाग करा आणि त्यांतले तीन घ्या. अष्टमीला आठचे तीन-चतुर्थांश म्हणजे सहा. भरती साधारण सहाला. पौर्णिमेला ती बाराच्या थोडी आधी येते. म्हणजे इथे चांद्र महिन्याची तारीख तुमच्या उपयोगी पडते!

खाडीवरही तो दुसरा प्रश्न विसरू नका. काही लोकांना उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र हवे असते. मग ते दगड मारतात, टाळ्या वाजवतात किंवा होडी थेट थव्यात घालतात. हजार पक्षी एकदम उडतात, छायाचित्र सुंदर येते. पण हे पक्षी शेकडो किलोमीटर उडून इथे पोट भरायला आलेले असतात. भरती-ओहोटीत त्यांना खाण्यासाठी मोजकेच तास मिळतात. त्यातले अर्धे तास त्यांनी आपल्या टाळ्यांसाठी उडावे काय? थांबा. भरती पूर्ण चढली की पुष्कळदा ते आपणहून उडतात आणि दुसऱ्या जागी जातात. त्यांचे स्वतःचे वेळापत्रक असते.

राहिला पावसाळा. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोबाचा मुख्य भाग प्रवाशांसाठी बंद असतो. कच्च्या वाटा चिखलाने भरतात, गाड्या रुततात. जंगलालाही तीन महिने माणसांपासून सुटी मिळते. मग छायाचित्रकाराने कॅमेरा कपाटात ठेवायचा का?

तुम्ही डॉ. सालिम अली यांचे नाव ऐकले असेल. भारतातले थोर पक्षिशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म 1896 साली मुंबईत झाला. 1930 साली ते जर्मनीतून शिकून परत आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीम या गावी राहायला गेले. तिथे त्यांना सुगरण पक्ष्यांची वसाहत दिसली. उर्दूत आपण ज्याला बया म्हणतो, तोच हा पक्षी. पावसाळ्यात सुगरणीच्या नराचे डोके पिवळेधमक होते आणि तो घरटी विणायला लागतो. सालिम अली रोज जाऊन नुसते पाहत बसले. काय पाहिले ते लिहीत गेले. आणि जे कोणी नीट पाहिले नव्हते ते त्यांनी पाहिले. नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मग मादी येते. ती घरटे आतून पाहते, ओढून पाहते. पसंत पडले तर ती राहते आणि नर घरटे पूर्ण करतो, खाली लांब नळी विणतो. पसंत पडले नाही तर ते अर्धे घरटे तसेच लोंबत राहते. एका मादीचे घर पूर्ण झाले की नर शेजारी दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी!

यासाठी जीप लागली नाही, तिकीटही लागले नाही. योग्य हंगाम आणि रोज जाण्याची सवय, एवढेच लागले. नोकरी नसलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर होता, असे तुम्ही म्हणाल. तेही खरेच.

सुगरण महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. विहिरीच्या काठावरची बाभूळ, पाण्यावर झुकलेली फांदी, शिंदीचे किंवा ताडाचे झाड पाहा. जुनी, वाळलेली घरटी तिथे उन्हाळ्यातही लोंबताना दिसतील. तेच तुमचे ठिकाण. कॅमेरा नसला तर घरातल्या मोठ्यांचा मोबाइल चालेल. तोही नसला तर वही चालेल. जून महिन्यात पहिला चांगला पाऊस झाला की जायला लागा. झाडापासून वीस-पंचवीस पावले दूर बसा. विहिरीला कठडा नसेल तर आणखी दूर बसा. नर गवताची लांब पट्टी चोचीत धरून येतो, तो क्षण टिपा. पण मादी आत जाऊन राहू लागली आणि घरट्यात अंडी किंवा पिल्ले आहेत असे वाटले, की आणखी मागे सरा. फांदी वाकवू नका. पाने तोडून उजेड करू नका, कारण आपण केलेल्या त्या वाटेनेच कावळा आत डोकावतो. घरट्यातल्या पिल्लांची छायाचित्रे अनेक स्पर्धांत आता घेतही नाहीत.

वहीत तारीख लिहा. कोणत्या दिवशी पहिली पट्टी आणली, किती घरटी अर्धी राहिली, किती पूर्ण झाली, ते मोजा. मी गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या विहिरीवर मोजली: सतरा घरटी सुरू झाली, नऊ पूर्ण झाली. आठ घरटी मादीला पसंत पडली नाहीत. त्यांतले एक मला तरी फार सुंदर वाटले होते.